स्टॅम्पिंगसाठी सातासमुद्रांची फेरी कशाला?




अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: इतक्यात भारतात जाऊ नका. कंपनीचे वकील तो ईमेलने देतात, मित्र व्हॉट्सॲपवर देतात आणि आता तर इकडे पुण्या-ठाण्यात बसलेले आईवडीलच देऊ लागले आहेत. सल्ला व्यवहाराला धरून आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्यापाठोपाठ येणाऱ्या वाक्याशी. ‘त्यांचा देश, त्यांचे नियम, गेलात तर सोसा’ असे म्हणून विषय संपवला जातो. पण ज्या नियमापायी ही माणसे अडकतात, तो काही दगडावरची रेघ नाही. २००४ सालापर्यंत खुद्द अमेरिकेचेच त्यावाचून काही अडत नव्हते.

आधी घोळ कुठे आहे ते पाहू. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा दारातून आत येण्यापुरता. आत किती दिवस राहता येईल हे ठरते आय-९४ या नोंदीवरून. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याची मुदत अमेरिकेचे इमिग्रेशन खाते त्याला देशाबाहेर न पाठवता वाढवून देते. त्यामुळे पासपोर्टवरचा व्हिसा कधीच संपलेला, पण माणूस मात्र पूर्ण कायदेशीरपणे राहतो आहे, नोकरी करतो आहे, कर भरतो आहे, अशी हजारो घरे तिथे आहेत. देशाबाहेर पाऊल टाकेपर्यंत काही बिघडत नाही. वडिलांना आयसीयूत ठेवल्याचा फोन येतो किंवा भाच्याची मुंज ठरते, तेव्हा परत कसे जायचे हा प्रश्न उभा राहतो. कारण नवा व्हिसा, म्हणजे बोलीभाषेतले ‘स्टॅम्पिंग’, देशाबाहेरच्या अमेरिकी वकिलातीतच मिळतो.

पूर्वी तसे नव्हते. पासपोर्ट अमेरिकेतल्या अमेरिकेत टपालाने परराष्ट्र खात्याकडे पाठवायचा आणि तो नव्या व्हिसासह घरी परत यायचा. ९/११ नंतरच्या कायद्याने व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले. ते घेण्याची सोय देशातल्या कार्यालयात नाही, या कारणाने जुलै २००४ मध्ये ही पद्धत बंद पडली. म्हणजे एका यंत्राच्या अभावी बंद झालेली सोय पुढे वीस वर्षे बंदच राहिली. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांचे व्हिसा मात्र आजही वॉशिंग्टनमध्येच नव्याने मिळतात.

ठशांची अडचणही आता उरलेली नाही. ते आधीच सरकारदप्तरी जमा आहेत. याच आधारावर २९ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२४ या काळात एच-१बीधारकांसाठी प्रयोग झाला. २०,००० अर्जांची मर्यादा होती आणि अर्ज करणाऱ्याला अमेरिका सोडावी लागत नव्हती. प्रयोग यशस्वी झाल्याचे दिल्लीच्या अमेरिकी दूतावासानेच सांगितले आणि २०२५ मध्ये कायमची व्यवस्था आणण्याचा मानसही जाहीर केला.

२०२५ साल उजाडले आणि घडले नेमके उलटे. २ सप्टेंबरपासून बहुतेकांची ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची, सोय गेली. १४ वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ वर्षांवरच्या आजी-आजोबांनाही सर्वसाधारणपणे मुलाखत लागू झाली. त्याच आठवड्यात फर्मान निघाले की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग उरकण्याची वाटही अशी बुजली. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि (कुटुंबीयांच्या) एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमे तपासणे सुरू झाले. एकेका अर्जाला वेळ लागू लागला, तशा भारतातल्या डिसेंबरच्या मुलाखती थेट मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलल्या गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असेही दूतावासाने बजावले.

हे ऐकायला कार्यालयीन वाटते. प्रत्यक्षात काय होते? तीन आठवड्यांची रजा काढून आलेला माणूस ठसे देऊन बसतो आणि मुलाखतीची तारीख तीन महिने पुढे गेल्याचे त्याला ईमेलने कळते. तिकडे न्यू जर्सीत घरभाडे चालू, गाडीचा हप्ता चालू, मुलांची शाळा सुरू झालेली. नोकरी टिकते की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. या माणसाने कुठलाही नियम मोडलेला नसतो, ही यातली सर्वांत संतापजनक गोष्ट.

यावर ‘सुरक्षेसाठी तपासणी नको का?’ असे विचारले जाईल. हवीच. समाजमाध्यमे चाळायची तर खुशाल चाळा. पण अर्जदार न्यू जर्सीत आहे की नाशकात, याने त्या तपासणीत काय फरक पडतो? शिवाय अमेरिकेचा स्वतःचाच एक नियम या युक्तिवादातली हवा काढतो. व्हिसा संपलेला पण आय-९४ चालू असलेला माणूस ३० दिवसांच्या आत फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आला, तर काही अटींवर तोच जुना व्हिसा चालू मानून त्याला आत घेतात. नायगाऱ्याच्या पलीकडच्या तीरावरून परतणाऱ्यावर जो विश्वास टाकता येतो, तो पुण्याहून परतणाऱ्यावर का नाही? (अर्थात, कॅनडामार्गे ही सवलत घ्यायची तर भारतीयाला आधी कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. आणि तिथे गेल्यावर अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसाचा अर्ज केलाच, तर ही सवलत हातची जाते.)

कॅनडा आपल्याकडे काम करणाऱ्या वा शिकणाऱ्या परदेशी माणसाला देश न सोडता नवा प्रवेश-व्हिसा देतो. आपल्याकडेही २०१८ पासून ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर परदेशी नागरिकांना घरबसल्या व्हिसाची मुदत वाढवून मागता येते. भारतीय सरकारी खाते ज्या कामाला ऑनलाइन पुरते, त्यासाठी अमेरिकेला माणूस बारा हजार किलोमीटर हलवावा लागतो, हे पटण्यासारखे नाही.

यात भारतीयच अधिक भरडले जातात, तेही योगायोगाने नव्हे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सुमारे ७० टक्के भारतीयांचे असतात. कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डात मात्र एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा. परिणामी २०२५ सरताना ईबी-२ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड-गटाच्या भारतीय रांगेत २०१३ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. दुसऱ्या देशाचा सहकारी काही वर्षांत या जाचातून सुटलेला असतो, तेव्हा आपला माणूस तिसऱ्या-चौथ्या स्टॅम्पिंगची तारीख शोधत बसलेला असतो.

म्हणून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने केवळ ‘चिंता व्यक्त’ करून थांबू नये. अमेरिकेतच नूतनीकरण, ही एकच मागणी द्विपक्षीय बोलण्यांत लावून धरावी. २०२४ च्या प्रयोगाची घोषणा पंतप्रधानांच्या जून २०२३ च्या अमेरिका दौऱ्यातच झाली होती. म्हणजे रेटा लावला तर हे होते. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळानेही अधिवेशनात नाटक-गाण्यांच्या बरोबरीने एक तास या प्रश्नाला द्यावा आणि त्याच्या सभासदांनी आपापल्या मतदारसंघातल्या अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्रे लिहावीत. तिथे मतदार झालेले मराठी लोक आता थोडेथोडके नाहीत.

आणि ज्यांना तोवर प्रवास करणे भागच आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ अनेकदा त्या मुदतीपर्यंतच देतो, मग एच-१बीची मंजुरी पुढे दोन वर्षांची का असेना. हवाई प्रवाशांना ही नोंद २०१३ पासून कागदावर मिळत नाही, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. परतल्याच्या दिवशीच अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून तारीख पाहून घ्यावी.

आपला,
एक वाचक, ठाणे