वसईच्या दोन तारखा

दरवर्षी मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात विजयोत्सव होतो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला पुष्पहार अर्पण होतात, मशाली निघतात, पोवाडे गायले जातात. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि दोन शतकांची एक परकी राजवट उत्तर कोकणातून उखडली गेली. आशिया खंडातील एका युरोपीय सत्तेचा इतका मोठा मुलूख एतद्देशीय सैन्याने बाहुबलाने हिरावून घ्यावा, ही त्या काळातील असामान्य घटना होती. तिचा अभिमान बाळगणे हे मराठी समाजाचे कर्तव्यच आहे.

परंतु याच वसईशी आणखी एक तारीख जोडलेली आहे. ३१ डिसेंबर १८०२. त्या दिवशी त्याच चिमाजी अप्पांच्या घराण्यातील पेशव्याने, दुसऱ्या बाजीरावाने, त्याच वसईत इंग्रजांच्या तैनाती फौजेचा करार स्वीकारला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य लेखणीच्या एका फटकाऱ्याने गहाण टाकले. विजय आणि हा तह यांत अंतर अवघे त्रेसष्ट वर्षांचे. पहिली तारीख घरोघरी ठाऊक आहे. दुसरी शालेय पुस्तकातील एका ओळीपुरती उरली आहे. जो समाज आपल्या विजयाचा दिवस साजरा करतो आणि पराभवाचा दिवस विसरतो, तो इतिहासापासून उत्साह घेतो, शहाणपण मात्र घेत नाही. म्हणून वसईचा इतिहास सलग वाचला पाहिजे.

वसईचा परिसर पोर्तुगीजांनी वसविला नाही. शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाचे शिलालेख तेथे सापडले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. पश्चिमेकडील देशांशी चालणारा व्यापार या किनाऱ्यावरून शतकानुशतके होत होता. या संपन्नतेवरच पुढे परक्यांची दृष्टी खिळली.

सोळाव्या शतकात वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. १५३४ मध्ये सुलतान बहादूरशाह पेचात सापडला. उत्तरेकडून हुमायूनचे संकट घोंगावत होते, तर समुद्रावर पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या आरमाराने त्याची बंदरे हैराण करून सोडली होती. अखेर २३ डिसेंबर १५३४ रोजी तह झाला आणि वसई, साष्टी व मुंबईच्या बेटांसह पोर्तुगीजांना मिळाली. हा तह झाला पोर्तुगीजांच्या जहाजावर. त्यातील अटी अधिक बोलक्या आहेत. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहून निघावे, परतताना तेथेच येऊन जकात भरावी आणि सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत! एका अटीने व्यापार गेला, दुसरीने तो परत मिळविण्याचे साधन गेले. तीनच वर्षांनी, १५३७ मध्ये, दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशाहाचाही अंत झाला. शेजाऱ्याच्या भयाने दूरच्याला घरात घेणाऱ्याची जी गत होते, तीच त्याची झाली.

पुढील दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. दमणपासून चौलपर्यंतचा किनारा येथून हाकला जात असे. तटाच्या आत दगडी वाडे, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन पंथांचे मठ आणि चर्च उभे राहिले. गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांना इनामाप्रमाणे वाटण्यात आली. या वैभवाची दुसरी बाजूही होती. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत चर्च थाटले गेले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली आणि तिची छाया वसईवरही पडली. हिंदूंच्या सण-समारंभांवर, धार्मिक विधींवर निर्बंध आले. कूळ पोर्तुगीज जमीनदाराला खंड देई आणि आपला देव मात्र त्याच्या नजरेआड पूजी. राज्यकर्ता आणि रयत यांच्यात एवढी दरी पडली, की पुढे तट कितीही रुंद बांधले तरी ती बुजणे शक्य नव्हते.

या काळात समुद्राचे मर्म ओळखणारा एकच हिंदू राजा या किनाऱ्यावर निर्माण झाला. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच जहाजबांधणी आरंभली. त्या कामावर असलेल्या पोर्तुगीज कारागिरांना १६५९ च्या सुमारास फितवून पळवून नेण्याची खटपट केली ती वसईच्याच कप्तानाने. हिंदू राजाकडे आरमार झाले तर आपली धडगत नाही, हे त्याला नेमके कळले होते. महाराजांनी माघार घेतली नाही. स्वराज्याचे आरमार उभे राहिले आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात त्याने पोर्तुगीज व इंग्रज या दोघांच्याही तोंडचे पाणी पळविले.

वसईची मोहीम याच परंपरेतून आली. साष्टी-वसईतील रयतेची गाऱ्हाणी घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू वर्षानुवर्षे खटपट करीत होते. त्यांनी स्थानिक माहिती जमविली, माणसे जोडली आणि पुण्याला या कार्यात ओढले. १७३७ च्या वसंत ऋतूत मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी मोकळी केली. वसई मात्र लगेच पडली नाही. मधली दोन वर्षे धावपळीची, हानीची आणि चिवटपणाची होती. १७३९ च्या आरंभी माहीम-तारापूरकडील ठाणी एकेक करून घेण्यात आली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा कामी आला. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यावर दाब ठेवला, त्यामुळे तेथून वसईला पुरेशी कुमक निघू शकली नाही. मानाजी आंग्र्यांचे आरमारही पाण्यावर होते. जमीन, समुद्र आणि राजकारण या तिन्ही बाजूंनी फास आवळला गेला, तेव्हा कुठे सुरुंगांनी बुरूज उडविण्याला अर्थ आला. तरीही ढासळलेल्या बुरुजावर मराठ्यांना हजारोंच्या संख्येने रक्त सांडावे लागले. वसईचा विजय हा एका दिवसाचा चमत्कार नव्हता. दोन वर्षांच्या नियोजनाचे ते फळ होते.

विजयानंतरचे वर्तनही लक्षात ठेवण्याजोगे आहे. शरण आलेल्या पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. जे ख्रिस्ती मागे राहू इच्छित होते, त्यांच्या उपासनेला अभय मिळाले. विजयचिन्ह म्हणून चर्चमधील घंटा देशावर गेल्या. त्यांतील काही आजही नाशिकचे नारोशंकर, भीमाशंकर आणि मेणवली येथील मंदिरांत आहेत. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी बोललेल्या नवसातून उभे राहिले, अशी परंपरा आहे. पण सूडाची कत्तल झाली नाही. वसईतील ख्रिस्ती समाज आजही तेथेच नांदतो, घरात सामवेदी वा वाडवळी बोली बोलतो. त्याच भूमीत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पोर्तुगीज राजवटीच्या अन्यायाचा हिशेब त्या राजवटीशीच मांडावयाचा असतो, तिच्या प्रजेच्या वंशजांशी नव्हे. चिमाजी अप्पांना हे समजले होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनाही ते समजले पाहिजे.

आता दुसऱ्या तारखेकडे जाणारी वाट. वसईला वेढा पडला असताना मुंबईकर इंग्रज काय करीत होते? धर्मबंधू असलेल्या पोर्तुगीजांनी मदतीची याचना केली, तेव्हा त्यांनी चर्चमधील चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले! वसई पडताच मात्र त्यांचा वकील कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे तहासाठी हजर झाला. दोन्हीकडून लाभ घ्यावा, कोणासाठीही आपले रक्त सांडू नये आणि स्वतःचा तट मजबूत करावा, हा त्यांचा क्रम होता. पोर्तुगीज खचले याचा आनंद मराठ्यांना झाला, आणि त्याहून अधिक इंग्रजांना झाला. उत्तर कोकणच्या समुद्रावर त्यांचा जुना युरोपीय प्रतिस्पर्धी नाहीसा झाला होता. उरले होते ते मराठी आरमार.

ते काम मराठ्यांनीच सोपे करून दिले. कान्होजींच्या मागे आंग्र्यांच्या घरात दुफळी माजली. पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वितुष्ट वाढले. तुळाजी उद्दाम झाला होता, हे खरे. परंतु घरातील उद्दामाला वठणीवर आणण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांना हाक मारली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या पायथ्याशी आंग्र्यांचे आरमार जाळले. धुळपांनी पुढे पेशव्यांचे आरमार जिद्दीने सांभाळले, पण गेलेला धाक पुरता परत आला नाही. बहादूरशाहाला लढाऊ जहाजे न बांधण्याची अट पोर्तुगीजांनी घातली होती. येथे आपली जहाजे परक्याच्या हातून जाळून घेण्याची व्यवस्था आपल्याच दरबाराने केली.

मग वसईचे भवितव्य ठरून गेले. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला आणि राघोबादादा गादीसाठी इंग्रजांच्या दारी गेला. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबाने साष्टी आणि वसई त्यांना देऊ केली. हजारो मराठ्यांच्या रक्ताने मिळविलेली भूमी एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेची किंमत ठरली! डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्डने वसईचा किल्ला जिंकला. तो सोडविण्यास धावलेले रामचंद्र गणेश पुढच्याच दिवशी दुगाडच्या रणात पडले. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्या कर्तृत्वामुळे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मुंबईला जमिनीच्या बाजूने संरक्षण मिळाले आणि वसई उघडी पडली.

यानंतरची वीस वर्षे घरभेदाची आहेत. विठोजी होळकराला दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकर सूडाने पेटला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा त्याने पराभव केला. बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोहोचला. तेथे कर्नल क्लोजने पुढे केलेल्या करारावर त्याने मान्यतेची मोहोर उमटविली. किमान सहा हजारांची इंग्रजी पायदळ फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीनेच. ज्या तटावर चिमाजी अप्पांचे शिपाई चढले, त्याच्या छायेत हे घडले. १८१८ मध्ये जे झाले, त्याचा निर्णय वसईतच लागला होता.

या चार हस्तांतरांत एक सूत्र दिसते. १५३४ मध्ये सुलतानाने, १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी, १७८० मध्ये मराठ्यांनी वसई गमावली. १८०२ मध्ये तर वसईत बसून राज्यच गमावले. किल्ला तोच होता. बदलत गेले ते दोनच प्रश्न: समुद्र कोणाच्या हाती आहे आणि तटाच्या आतील माणसे एक आहेत की नाहीत? रयत दुरावलेले पोर्तुगीज दगडी तटामागे टिकले नाहीत. आरमार गमावलेले आणि भाऊबंदकीने पोखरलेले मराठेही टिकले नाहीत. इतिहासाने दोघांनाही सारखाच न्याय लावला.

हे प्रश्न जुने झालेले नाहीत. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे मारेकरीही समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. किनाऱ्याकडे पाठ करून भूमीचे रक्षण होत नाही, हा धडा दोनदा रक्ताने शिकावा लागला. किनाऱ्यावरील कोळी, आगरी, भंडारी समाज हा या रक्षणाचा पहिला डोळा आहे. त्याला विश्वासात घेणे हे गंगाजी नाइकांना विश्वासात घेण्याइतकेच आवश्यक आहे.

२०३९ मध्ये वसईच्या विजयाला ३०० वर्षे पूर्ण होतील. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आहेत, वसई नाही. आजही वसईच्या तटावर झाडे माजली आहेत, पोर्तुगीज लेख असलेल्या थडग्यांच्या शिळा पायदळी येतात. त्रिशताब्दीची तयारी मिरवणुकीच्या आखणीने सुरू होऊ नये. मोहिमेतील पत्रव्यवहार सामान्य वाचकाला सुलभ व्हावा, पोर्तुगीज कागदपत्रांतील माहिती मराठीत यावी, घंटांची आणि शिलालेखांची नीट नोंद व्हावी, आणि किल्ल्याच्या प्रवेशद्वारी या वस्तीचा संपूर्ण इतिहास मराठीत लिहिलेला असावा. त्या फलकावर १६ मे १७३९ ही तारीख ठळक असावीच. तिच्याखाली ३१ डिसेंबर १८०२ हीही तितकीच ठळक असावी. पहिली वाचून मान ताठ होईल. दुसरी वाचल्यावर ती ताठ कशी राखावयाची, याचा विचार सुरू होईल.