पारख अर्धी, सांभाळ अर्धा

संस्था कोणतीही असो, तिच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते : माणसे मिळत नाहीत. निधी कसाबसा उभा राहतो, परंतु योग्य माणूस सापडत नाही. या तक्रारीत तथ्य किती आणि आपल्या दृष्टीचा दोष किती, याचा विचार एकदा निर्धाराने झाला पाहिजे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारभारातील दोन प्रसंग या संदर्भात बोलके आहेत. आय.सी.एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले अरविंद घोष घोडेस्वारीच्या चाचणीला हजर राहिले नाहीत, म्हणून १८९२ मध्ये अपात्र ठरले. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या महाराजांनी त्यांची भेट घेतली आणि दरमहा दोनशे रुपयांवर त्यांना संस्थानच्या सेवेत घेतले. आरंभी महसुलाचे काम, पुढे महाविद्यालयात अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. साम्राज्याची निवडपद्धती उमेदवार कुठे कमी पडतो हे पाहत होती. महाराजांनी तो कोणते काम करू शकेल हे पाहिले. निवडीचे खरे मर्म इथेच आहे.

दुसरा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाच्या नजरेत भरला. त्याने कुठलाही अर्ज केलेला नव्हता. केळूसकर गुरुजींनी त्याची महाराजांशी गाठ घालून दिली. महाराजांनी पदवीसाठी दरमहा पंचवीस रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली.

कथा इथे संपली असती, तर ती केवळ गौरवाची ठरली असती. परंतु १९१७ मध्ये तेच आंबेडकर करारानुसार बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई दुरूनच त्यांच्या मेजावर कागद फेकत. नगरात राहण्यास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून हाकलले गेल्यावर या विद्वानाला कामाठी बागेत अश्रू ढाळत बसावे लागले. काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. महाराजांनी गुण ओळखला, त्यावर धन वेचले. मात्र त्यांची कचेरी आणि त्यांचे नगर तो गुण स्वीकारण्यास सिद्ध नव्हते. अस्पृश्यतेच्या पापाने हिंदू समाजाचे किती मोठे नुकसान केले, याचा हिशेब या एका घटनेतूनही मांडता येईल.

आज आपल्या शाळा, पतपेढ्या, रुग्णालये माणसे निवडतात, तेव्हा काय घडते? ओळखीच्या घरातला, आपल्यासारखे बोलणारा, पहिल्या भेटीत छाप पाडणारा उमेदवार पुढे सरकतो. त्याऐवजी कामाला कोणते गुण हवेत हे मुलाखतीपूर्वीच लिहून काढावे. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्यक्ष कामाचा नमुना पाहावा, आणि प्रत्येक परीक्षकाने आपले मत चर्चेआधी स्वतंत्रपणे नोंदवावे. यास खर्च लागत नाही. आपली पहिली आवड बाजूला ठेवण्याची शिस्त मात्र लागते.

आणि निवड झाल्यावर आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा : आलेला माणूस आपल्याकडे मानाने काम करू शकेल का? त्याचे उत्तर होकारार्थी नसेल, तर माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.