खाचेतली मोटार

जुनी वस्तू दुरुस्त करणे आणि जुनी वस्तू नवीकोरी करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक पहिलीचे नाव सांगून दुसरी करतात. हे माझे मत तसे जुनेच. पण गेल्या पावसाळ्यात एका खेळण्याने ते पुन्हा तपासायला लावले.

खेळणे म्हणजे स्लॉट कार. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुकडे जोडून तयार होणारा एक रस्ता असतो. त्यात लांबलचक खाच, आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. पट्ट्यांतून बारा व्होल्टच्या आसपास वीज खेळवायची. गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती खाचेत बसते. जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारांच्या चपट्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि गाडीतल्या मोटरला वीज पोचवतात. हातातला खटका जितका दाबाल तितका वेग. वळणावर जास्त दाबला की गाडी खाच सोडून थेट कपाटाखाली!

अमेरिकेत लायोनेल कंपनीने असल्या गाड्या १९१२ साली काढल्या होत्या, पण त्या टिकल्या नाहीत. खरी चालली ती इंग्लंडातली स्केलेक्स्ट्रिक. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाचा चावीच्या पत्र्याच्या गाड्या करण्याचा कारखाना होता. त्या गाड्यांत त्याने विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडली. पुढच्याच वर्षी त्याने धंदा मोठ्या कंपनीला विकून टाकला. पत्रा जाऊन प्लॅस्टिक आले. आपल्याकडे त्या काळात परदेशी खेळण्यांची आयात जवळजवळ बंदच होती, त्यामुळे कोणी विलायतेहून येताना बॅगेत आणली तरच ती दिसायची.

माझ्याकडे आलेली अशीच बॅगेतून आलेली. पुण्याच्या एका स्नेह्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात आणली होती. पन्नासेक वर्षे माळ्यावर पडून होती. दोन गाड्या, एक हिरवी, एक निळी, आणि आठ आकड्याचा रस्ता. मी निवृत्तीनंतर हेमलकशाला राहतो आणि रेडिओ, पंखे, शिलाई मशिन असले काहीबाही उघडून बसतो हे त्यांना माहीत. "वेळ आहे तर बघा," म्हणून खोके पाठवले. सोबत चिठ्ठी होती: चालू झाली तर उत्तम, रंग वगैरे नवा करून घ्या, आणि कृपया मुलांच्या हाती देऊ नका, संग्राहक लोक अशा वस्तूला चांगली किंमत देतात.

ह्या चिठ्ठीतल्या तीन सूचनांपैकी मला एकच पटली.

आधी दुरुस्तीचे बोलतो, कारण मला रस त्यात आहे. पहिला नियम असा की बंद पडलेल्या वस्तूला एकदम उघडायचे नाही. आधी बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहायचे. वीज घरातून निघते, डब्यात उतरते, खटक्यातून जाते, पट्ट्यांतून धावते, वेण्यांतून चढते आणि मोटरपाशी पोचते. मोटरच्या दोन टोकांना बॅटरीच्या दोन तारा थेट लावल्या की अर्ध्या शंका जागच्या जागी मिटतात. फिरली, तर दोष अलीकडे. नाही फिरली, तर पलीकडे. गणितात अडलेल्या मुलालाही मी असेच विचारीत असे: कुठपर्यंत कळले? शेवटची ओळ तपासण्यात अर्थ नसतो.

वीज उतरवणारा जुना डबा मी वापरलाच नाही. त्याच्या तारेवरचे रबर बोटाला लागताच भुगा होऊन पडत होते, आणि त्याचे एक टोक २३० व्होल्टला लागणार. घरात मुले येतात. इकडे वादळी पावसात वीज तासन्‌तास जाते, म्हणून दिव्यासाठी सौर पॅनेलवरची बारा व्होल्टची बॅटरी आहेच. तीच घेतली, वाटेत दोन अँपिअरचा फ्यूज टाकला. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी तिचे दोन खांब एकमेकांना टेकले तर तार लाल होते, फ्यूज हवाच.

हिरव्या गाडीची मोटर थेट तारांवर फिरली. निळीची नाही. म्हणून हिरवीला रस्त्यावर ठेवले, तर ती अर्धी फेरी मारून मरगळायची. आता गंमत अशी की रस्त्याच्या लांबच्या टोकाला मीटर लावला तर बारा व्होल्ट पुरेपूर दाखवी. गाडी नसताना विजेला वाहायचेच नसते, मग सांध्यात काय अडणार? ओझे पडले की मगच गळती दिसते. म्हणून मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब घेतला, त्याला दोन तारा लावल्या आणि शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या हाती दिला. ती पट्ट्यांवरून तो हळूहळू सरकवत गेली. चौथ्या सांध्याशी थांबली. म्हणाली, "गुरुजी, इथून दिवा थकला." मीटरच्या काट्यापेक्षा मला हे मोजमाप जास्त आवडले.

सांध्यात गंज होता. इथल्या पावसाळ्यात लोखंडाला दुसरे काही सुचत नाही. पट्ट्या खोडरबराने घासल्या (पॉलिश पेपरने घासू नये, वरचा मुलामा जातो आणि गंज दुप्पट वेगाने येतो), सांध्याच्या जिभा पकडीने हलक्या आवळल्या. झाले. वेण्या मात्र झिजून त्यांचे केस सुटले होते. ते केस एकमेकांना भिडले की शॉर्ट. तांब्याची जाळी असलेल्या जुन्या टीव्ही केबलचे साल काढून नव्या वेण्या कापल्या. मागची टायरे दगडासारखी कडक झाली होती. तिथे सायकलच्या रबरी नळीच्या चकत्या चढवल्या.

निळीची मोटर उघडण्याआधी मी मुलांना थांबवले. मोटर आत काय करते हे माहीत नसताना ती उघडणे म्हणजे नुसती चिरफाड. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेल्या खेळण्यांत एक अगदी सोपी मोटर आहे. (आयआयटीत शिकलेले, टेल्कोतली नोकरी सोडलेले आणि पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात कित्येक वर्षे रमलेले हे गृहस्थ, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.) एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढेच सामान. वेटोळ्याच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूने. पूर्ण खरवडला तर वेटोळे थरथरून थांबते. अर्धा खरवडला तर गरगर फिरते, कारण अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि उलटा ओढा बसत नाही. हे एकदा हाताने केले की खऱ्या मोटरच्या दांड्यावरची तांब्याची फुटकी कडी, म्हणजे कम्युटेटर, कशासाठी फुटकी असते ते सांगावे लागत नाही.

आणि निळीत बिघाड तिथेच होता. कडीच्या फटींत कार्बनची काजळी बसून फटी बुजल्या होत्या. बांबूच्या सळीचे टोक चाकूने तासून एका मुलाने त्या कोरल्या. ह्या मुलांचा बांबूवरचा हात काय वर्णावा! मासे धरायचा सापळा विणणाऱ्या घरातली मुले ती. आमच्या परीक्षेत ह्या कौशल्याला शून्य गुण, आणि त्याच परीक्षेत "कम्युटेटरचे कार्य लिहा" ह्याला दोन. असो. पुढे कापसावर स्पिरिट घेऊन कडी पुसली, झिजलेल्या ब्रशची कमान थोडी ताणली, दांड्याच्या दोन टोकांना शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब. आर्मेचर बाहेर असताना चुंबकाच्या मध्ये लोखंडाची पट्टी ठेवायला विसरू नये. त्या काळच्या चुंबकांचा जोर मोकळे ठेवले की उतरतो.

आता चिठ्ठीकडे वळतो. "रंग नवा करून घ्या."

हिरव्या गाडीच्या नाकाडावरचा रंग उडालेला आहे, एका बाजूला चरा आहे. हा चरा स्नेह्यांनीच लहानपणी पाडलेला असणार. तो बुजवायचा कशाला? वेणी, ब्रश, टायर हे भाग झिजण्यासाठीच असतात. कारखानदार स्वतः ते सुटे विकत असे. ते बदलले तर वस्तूवर काही अन्याय होत नाही. शरीराचे तसे नाही. अजिंठ्याची गोष्ट आठवा. निजामाने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे भिंतीला घट्ट बसवले. ते काम मोलाचेच. पण चित्रे उठून दिसावीत म्हणून वर लाखेचे वार्निश चढवले. काही वर्षांत ते पिवळे, काळपट पडले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक दशके ते उतरवत बसावे लागले. एकाच माणसाच्या एकाच हाताने केलेली दुरुस्ती आणि नवेपणा एकाच भिंतीवर पाहायला मिळतो. मी गाडीला फक्त साबणाच्या पाण्याने पुसले. थिनर लावला असता तर चरा गेला असता आणि त्यासोबत गाडीही, कारण ते प्लॅस्टिक थिनरमध्ये विरघळते.

राहिली "मुलांच्या हाती देऊ नका" ही सूचना. इथे मात्र आमचे फोनवर चांगलेच वाजले. त्यांचे म्हणणे, वस्तू त्यांच्या वडिलांची आठवण आहे. मला ते मान्य आहे, आणि म्हणूनच माझे म्हणणे असे की ती काचेत ठेवून तिची आठवण राहणार नाही, किंमत राहील. पळण्यासाठी केलेली वस्तू पळत नसेल तर ती दुरुस्त झाली असे मी म्हणणार नाही. शिवाय आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, जरा कठोर शब्दांत. शहरातून जंगलातल्या मुलांसाठी म्हणून जी खोकी येतात त्यांत हमखास तुटकी खेळणी असतात, आणि ती देताना कोणी "हात लावू नका" म्हणत नाही. ती खेळणी हल्लीची. स्क्रू नसतात, चिकटवलेली असतात, आत एक काळा ठिपका आणि त्यावर सगळा कारभार. उघडले तर फुटते. जे उघडता येते, ज्यातून काही शिकता येते, ते मात्र कपाटात. हा हिशेब मला समजत नाही.

इथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला, तेव्हा वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता. अजूनही पर्लकोटेला पूर आला की पलीकडच्या भामरागडला कळते रस्ता म्हणजे काय ते. सुटा भाग हवा तर आलापल्ली साठेक किलोमीटर. अशा ठिकाणी दुरुस्ती हा छंद नसतो. सौर दिवा, पंप, सायकल, मोबाईल, काहीतरी रोज बंद पडते, आणि ते उघडणारा माणूस गावात असला की चार दिवस वाचतात. बल्ब सरकवून सांधा शोधणारी ती मुलगी उद्या शाळेच्या पाण्याच्या पंपाची तारही तशीच शोधील.

शेवटी आमचा समझोता असा झाला: हिरवी गाडी पुण्याला परत जाईल, चऱ्यासकट. निळी आणि रस्ता इथे राहील. स्नेह्यांनी हे फार खुशीने मान्य केले असे नाही, पण केले.

निळीचे एक दुखणे बाकी आहे. मागच्या आसावरच्या दंतचक्राचे दोन दाते गेलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ती टक् टक् करते आणि उतरत्या वळणावर कधी कधी अडते. एक मुलगा बांबूचे चक्र कोरून पाहतो आहे. टिकेल असे मला वाटत नाही, तसे त्याला सांगितलेही, पण तो तिसऱ्यांदा कोरतो आहे. कोणाच्या माळ्यावर तसले पडलेले चक्र असेल तर कळवावे. गंजलेले चालेल. पॉलिश करून पाठवू नये.