कांडवेल : अभिमान पुरे, प्रमाण हवे

अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याला पर्यटक जातात ते प्रवरेवरील धरण आणि रतनगड पाहण्यासाठी. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाभोवतीचा डांगाणचा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. येथील वाड्यांनी वनस्पतींची जाण पिढ्यान्‌पिढ्या जपली. घाटमाथ्याचा पाऊस मागे टाकून खालच्या कोरड्या भागात उतरले की कुंपणावर चौधारी, पेरापेरांची एक वेल भेटते. तिचे रूपच सांधलेल्या हाडांच्या माळेसारखे. हीच कांडवेल अथवा हाडजोड. संस्कृतात तिला अस्थिसंहारी म्हणतात. नाव ऐकून दचकू नये. येथे 'संहार' म्हणजे नाश नव्हे, एकत्र आणणे.

सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त ती मोडलेले हाड सांधणारी म्हणून येते. आपण सहसा इथेच थांबतो आणि 'आमच्याकडे सारे होतेच' म्हणून धन्य होतो. काशी हिंदू विद्यापीठातील शल्यविशारद डॉ. के. एन. उडुपा मात्र थांबले नाहीत. त्यांनी व डॉ. जी. सी. प्रसाद यांनी प्राण्यांवर प्रयोग करून, किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने हाड भरून येण्याची प्रक्रिया तपासली आणि १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंपरेचा आदर असा असतो.

परंतु मोडलेले हाड जुळणे वेगळे आणि हाडांची झीज वेगळी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाड झिजवणाऱ्या पेशी घडवणाऱ्या पेशींवर मात करतात आणि एखाद्या साध्या ठेचेने मनगट वा खुबा मोडेपर्यंत घरात कोणाला पत्ताही नसतो. या विकारावर कांडवेल उपयोगी पडेल काय? २००३ साली मणिपालच्या संशोधकांनी अंडाशय काढलेल्या उंदरांवर तिचा अर्क वापरला, तेव्हा आशादायक परिणाम दिसले. माणसांवरील चाचण्या मात्र मोजक्या आणि लहान आहेत. तेव्हा आईची डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करून तिला कुंपणावरची वेल वाटून देऊ नये. (कच्ची वेल तोंडाला खाजतेही, म्हणून तमिळ गृहिणी तिची चटणी चिंच घालून करतात.)

अमेरिकेत हीच वेल व्यायामपटूंसाठी डबीबंद विकली जाते. हळदीचे पेटंट १९९७ साली रद्द करवून घेतले तेव्हा आपण योग्यच आनंद मानला. पण घरातला हिशेब? जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. वैद्यांची कटकट त्यामुळे वाचली, हे खरे. तथापि कांडवेल ग्रंथात आहे, एवढ्यावरून ती कोठे उगवते, केव्हा तोडावी, किती द्यावी हे जाणणाऱ्या डांगाणच्या हाडवैद्याच्या वाट्याला काहीच येऊ नये, हे प्रस्तुत लेखकाला न्यायाचे वाटत नाही. वनवासी बांधवांविषयी बोलताना आपला कंठ दाटून येतो. कारखान्याच्या नफ्यात त्यांचा वाटा मागताना तो का बसावा?

याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे राखले आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानात त्यांचे नाव आले. वनौषधींसाठीही असेच काम हवे. प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. डांगाणातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावची वही एकदा उघडून पाहावी. तीत कांडवेल आहे का, आणि तिच्यापुढे माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहिले आहे का?