पिशवी आठवते, भागदाखला नाही

डीमार्टच्या मालकांनी दुकानदारीचे पहिले धडे अपना बाजारच्या पाटीखाली गिरवले, हे नेरूळबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. शेअर बाजारात नाव आणि पैसा कमावलेल्या राधाकिशन दमाणी यांनी १९९९ साली नेरूळमध्ये अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. ती चालवून पाहिली. त्या पद्धतीवर त्यांचा काही विश्वास बसला नाही, आणि २००२ मध्ये पवईला त्यांनी स्वतःचं पहिलं दुकान उघडलं. पुढचं काय झालं ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे गाडी लावायला जागा शोधणाऱ्या कुणालाही विचारावं.

हे आठवायचं कारण म्हणजे व्हॉट्सॲपवर पुन्हा एकदा फिरू लागलेला तो संदेश. ‘हे ज्यांना आठवतं ते खरे मुंबईकर’ छापाचा. त्यात अकबरअलीज असतं, अपना बाजार असतं, सहकारी भांडार असतं, आणि अलीकडे चक्क बिग बझारही असतं. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. कुणाला दारात पिशवी ठेवून मिळणारा पत्र्याचा बिल्ला आठवतो, कुणाला साबण, मसाले आणि नव्या वह्या यांचा एकत्र वास. माझ्या एका आतेबहिणीला तिथे वडिलांनी घेऊन दिलेली कंपासपेटी आठवते आणि ती सांगताना दर वेळी पेटीचा रंग बदलतो. या उमाळ्यांची थट्टा करायचा माझा अजिबात विचार नाही. पण त्या यादीत तीन अगदी वेगळ्या जातींची दुकानं एकाच ओळीत बसवलेली असतात, आणि त्यातल्या एकाचं जे खरं वैशिष्ट्य होतं ते मात्र कुणालाच आठवत नाही, हे मला खटकतं.

मुंबईतली मोठी दुकानं सुरू झाली ती फोर्टात, साहेबासाठी. व्हाइटअवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही ती नावं. टोपीपासून चहाच्या कपबशीपर्यंत सगळं एका छताखाली. साहेब गेला, दुकानंही गेली. व्हाइटअवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं, इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते ती अशी. फाउंटनजवळचं अकबरअलीज हे देशी मालकीचं, मूळ १८९७ सालचं. तिथे जाणं हा नोकरदार मध्यमवर्गाचा छोटासा सण असे. जाताना कपडे बदलायचे, मुलांना दम भरायचा, आणि काचेच्या कपाटासमोर उभं राहून किंमत विचारायची की नाही यावर नवरा-बायकोची खाणाखुणांची चर्चा व्हायची. या दुकानांची आठवण ही थोडीशी ऐपतीचीही आठवण आहे.

नायगावच्या गिरणी कामगारांची गोष्ट वेगळी. १९४८ साल. रेशनचे, टंचाईचे, काळ्या बाजाराचे दिवस. गिरणी कामगाराचा पगार दहा तारखेला, आणि तो हातात पडायच्या आधीच वाण्याच्या वहीत जमा. उधारीवर जगणाऱ्याला भावावर बोलता येत नाही. वजनात मारलं, डाळीत खडे निघाले, तरी वही त्याची आणि गरज आपली. अशा काळात समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांनी आणि कामगारांनी मिळून ग्राहकांची सहकारी संस्था काढली. धान्याच्या साध्या दुकानापासून सुरुवात झाली, आणि त्यातून पुढे अपना बाजार उभं राहिलं.

ही कल्पना त्यांना आकाशातून सुचलेली नव्हती. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल या गिरण्यांच्या गावात अठ्ठावीस जणांनी, त्यातले बरेचसे विणकर, पैसे जमवून पीठ, लोणी, साखर विकणारं छोटं दुकान काढलं होतं. त्यांचे नियम साधे होते. माल चोख द्यायचा, माप पूर्ण द्यायचं, विक्री रोखीने करायची. नफा उरला तर ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात तो परत वाटायचा. आणि कुणाचे भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. जगभरच्या ग्राहक सहकाराचा पाया या नियमांवर आहे. लँकेशायरच्या विणकऱ्यांनी काढलेली युक्ती शंभर वर्षांनी मुंबईच्या विणकऱ्यांच्या वस्तीत रुजावी, यात मला योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. दोन्हीकडे माणसं दिवसभर कापड विणत होती आणि संध्याकाळी वाण्यापुढे मान खाली घालत होती.

‘रोखीने’ हा त्यातला सर्वांत कडक नियम. उधार बंद म्हणजे पहिले काही महिने घरात ओढाताण ठरलेली. पण एकदा माणूस वहीतून सुटला, की तो भाव विचारायला मोकळा होतो. त्यात साठच्या दशकात सरकारनेही जोर लावला. १९६२च्या चीन युद्धानंतर भाव चढले तशी ग्राहक भांडारांना मदत देणारी योजना केंद्राने आणली. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्याच वर्षी दिल्लीत कॅनॉट प्लेसला सुपर बझार उघडलं. मुंबईत अपना बाजार किराणा दुकानाची कात टाकून विभागवार मांडणीचं मोठं दुकान झालं ते त्याच दशकात. सहकारी भांडारही तेव्हाचंच.

आणि मग आली ती, आज अगदीच मामुली वाटणारी गोष्ट, माल स्वतःच्या हाताने उचलणं. वाण्याकडे फळीपलीकडे हात जात नसे. बाईने दोनदा ‘तो दुसरा तांदूळ दाखवा’ म्हटलं, की तिसऱ्यांदा काही न घेता निघायची सोय नसे. इथे पाकीट उचला, उलटं करून छापील किंमत वाचा, परत ठेवा. कुणी कपाळाला आठी घालत नाही. माझ्या आईला या दुकानाचं कौतुक होतं ते स्वस्ताईपेक्षा यासाठीच. न घेता परत येता येतं, हे ती मोठ्या समाधानाने सांगायची. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या तेव्हा तेल, साखर, रॉकेल यांच्या रांगा हेच घरोघरचं वेळापत्रक होतं. त्या काळात कुठल्या भांडारात पामतेल आलं आहे, ही बातमी चाळीच्या जिन्यावरून वर्तमानपत्राच्या आधी पोचायची.

मग अपना बाजार मागे का पडलं? या प्रश्नाला ‘मॉल आले’ हे तयार उत्तर मिळतं. मला ते अर्धवट वाटतं. मॉल यायच्या बऱ्याच आधी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले. दहा तारीखच उरली नाही. ज्या वस्तीच्या जोरावर हे दुकान उभं होतं, ती वस्तीच हळूहळू डोंबिवली, विरार, गावाकडे पांगली. जुने सभासद म्हातारे झाले. भागदाखला कपाटातल्या डब्यात लग्नपत्रिकांखाली गेला, आणि मुलांना तो वारशाने मिळाला तरी त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. नव्वदनंतर टंचाई संपली, आणि टंचाईशी लढायला काढलेल्या दुकानाला आता लढायचं कुणाशी, हा पेच पडला. पुढे आलेल्या साखळी दुकानांनी कंपन्यांकडून घाऊक खरेदीवर जी सूट काढली, तिच्या जवळपासही एखादी कामगारांची संस्था पोचणं अवघड होतं. दिल्लीचं सुपर बझार तर २००२च्या सुमारास अवसायनातच निघालं. अपना बाजारच्या पाट्या अजून दिसतात, पण यादीत ‘आठवणी’ म्हणून.

आता बिग बझार. २००१ साली कोलकाता, हैदराबाद, बंगळूर अशी धडाधड दुकानं उघडून किशोर बियाणी मुंबईत आले ते लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात. ज्या गिरणीत एकेकाळी पाळ्या चालायच्या तिथेच ट्रॉल्या. बियाणी हुशार माणूस. चेन्नईतल्या टी. नगरमधली सरवणा स्टोअर्सची गर्दी पाहून त्यांनी एक गोष्ट ओळखली होती. चकचकीत, शांत दुकान बघितलं की आपला माणूस बिचकतो, हे आपल्याला परवडणारं नाही असं समजून दारातूनच वळतो. म्हणून त्यांनी मुद्दाम गर्दी होईल अशी मांडणी केली, धान्याचे ढीग हात घालून बघता येतील असे ठेवले, कोपऱ्याकोपऱ्यावर घोषणा सुरू ठेवल्या. २६ जानेवारी २००६ रोजी ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला तेव्हा एवढी झुंबड उडाली की दुकानं मध्येच बंद करावी लागली. नंतर बुधवार स्वस्ताईचा झाला. जुनी भांडी, रद्दी, कपडे आणून द्या आणि त्या बदल्यात कूपन घ्या, हीसुद्धा त्यांचीच शक्कल. बोहारणीचा धंदा वातानुकूलित करण्याचं धाडस दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

आणि हे सगळं भाड्याच्या जागेत. दमाणींनी जमेल तिथे जागा विकत घेत, सावकाश दुकानं वाढवली, बियाणींनी कर्ज काढून वेगाने. २०२० मध्ये टाळेबंदी आली, विक्री थांबली, भाडी थकली. ऑगस्टमध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा व्यवहार ठरला. पण आदल्या वर्षी ॲमेझॉनने बियाणींच्या समूहातल्या एका कंपनीत पैसे घातले होते, ॲमेझॉनने त्या करारावर बोट ठेवलं आणि प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून दिल्लीच्या न्यायालयांपर्यंत गेलं. जगातल्या दोन अतिश्रीमंत घरांची ही मारामारी चालू असताना रिलायन्सने बऱ्याच दुकानांचे भाडेकरार जागामालकांकडून स्वतःच्या नावावर करून घेतले. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी एका सकाळी लोक गेले तर शटर खाली. काही महिन्यांनी तीच जागा, तेच सरकते जिने, पाटी मात्र स्मार्ट बझारची. एप्रिलमध्ये तारणधारक कर्जदात्यांनी रिलायन्सशी झालेल्या व्यवहाराच्या विरोधात मत दिलं, जुलैमध्ये बिग बझारची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०२४ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

या सगळ्या घडामोडीत बँकांना मत होतं, भागधारकांना होतं, लवादाला होतं. वर्षानुवर्षं बुधवारी रांगा लावणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, कारण ते दुकान त्याचं कधीच नव्हतं. बिग बझारसाठी उमाळा येणं स्वाभाविक आहे. एका पिढीचं बालपण त्या ट्रॉलीत बसून गेलं. पण तो उमाळा एखाद्या आवडत्या सिनेमागृहासाठी येतो तसा. आपण तिकीट काढलं, मजा केली, मालकाने ते पाडलं.

अपना बाजारचं तसं नव्हतं. ते बुडालं असतं तर आपलं बुडालं असतं, मागे पडलं ते आपलं मागे पडलं. तिथे वार्षिक सर्वसाधारण सभा भरत असे. अहवाल छापून येत असे. गोडाऊनमधल्या तुरीच्या डाळीबद्दल, तुटीबद्दल, लाभांशाबद्दल उभं राहून कार्यकारिणीला जाब विचारण्याचा हक्क लूम चालवणाऱ्या माणसाला होता, आणि त्याचं मत अध्यक्षाच्या मताएवढंच मोजलं जाई. या सभांना फार गर्दी होत असे अशा भ्रमात मी नाही. कुठल्याही सहकारी संस्थेची सभा म्हणजे चहा-वडा आणि कोरमअभावी तहकुबी, हे आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांनी पुरेसं शिकवलं आहे. तरीही व्हॉट्सॲपवरच्या शेकडो प्रतिक्रियांत एकालाही आपल्या घरातल्या त्या सभासदत्वाचा उल्लेख करावासा वाटू नये? पत्र्याचा बिल्ला लक्षात राहतो, कंपासपेटी राहते, पण आपण त्या दुकानाचे मालक होतो, ते राहत नाही. गिऱ्हाईक म्हणून आपली स्मरणशक्ती तल्लख आहे.

कुणी म्हणेल, आता तसलं काही चालणारच नाही. तसं म्हणणाऱ्यांना मी मुंबई ग्राहक पंचायतीचं उदाहरण देतो. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली ती मुंबईत उभी राहिली. तिला दुकानच नाही, त्यामुळे भाडं नाही, शटर नाही आणि स्मरणरंजनाला काचेचं कपाटही नाही. शेजारपाजारची काही घरं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी लिहून देतात, गाडी येते आणि माल एकाच घरी उतरतो. तिथे जमून तो वाटून घ्यायचा. माझी वहिनी अशा एका संघात आहे. तिच्या घरी माल उतरायची पाळी असली की दादा बाहेरच्या खोलीत गुळाच्या ढेपा आणि साबणाच्या वड्या ओलांडत वर्तमानपत्र शोधत फिरतो. परवा मी तिला अपना बाजारचा तो संदेश दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला, ‘छान आहे हं’ म्हणाली, आणि सगळ्यांची मागणी रविवारच्या आत गोळा करायची आहे म्हणून समोरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवायला गेली.