ज्वारी कुठली?

नाताळच्या आठवड्यात शहरांना गावाच्या जेवणाची आठवण येते. पुण्यात भीमथडी जत्रा याच दिवसांत भरते. बचत गटांची प्रदर्शने हिवाळाभर कुठे ना कुठे चालू असतात. आता मॉलच्या आवारात लाल फिती आणि चांदण्या टांगून ‘ख्रिसमस मार्केट’ही भरू लागले आहे, आणि प्लम केकपासून चार पावलांवर भाकरी-ठेच्याचा स्टॉल लागतो. लोक रांगेत उभे राहतात, फोटो काढतात, चवीने खातात. यात वाईट काही नाही. तक्रार आहे ती पाटीबद्दल, आणि ती कुठल्या एका जत्रेची नाही.

‘अस्सल मराठवाडी’, ‘गावरान चव’, ‘चुलीवरची भाकरी’. अशा पाट्यांवरून भाकरी कशावर भाजली ते कळते. मिरची वाटली की खरडली, हेही एखादा मालक अभिमानाने लिहितो. ज्वारी कोणती आणि कुठल्या गावची, हे मात्र सहसा लिहिलेले आढळत नाही. तांदूळ बासमती असेल तर तसे ठळक लिहितात. हापूस असेल तर देवगडचा की रत्नागिरीचा, हे गिऱ्हाईक विचारून घेते. कॉफीच्या पाकिटावर चिकमगळूरचा मळा छापतात. ज्वारी मात्र नुसती ज्वारी.

परभणी तालुक्यातल्या झरीत, किंवा त्या पट्ट्यातल्या कुठल्याही काळ्या रानात, असे चालत नाही. तिथे ज्वारीला नाव असते. मालदांडी वेगळी, दगडी वेगळी. हुरड्यासाठी सुरती कुणाला आवडते, कुणाला गुळभेंडी. ज्वारी खरिपातली की रब्बीतली, पावसात सापडून काळी पडलेली की पांढरी टपोरी, यावर मोंढ्यात भाव ठरतो आणि घरात भाकरी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. ती घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली. पन्नास वर्षे उलटली, पण त्या पिढीला तिचे नाव अजून पाठ आहे. उपासमारीत खाल्लेल्या ज्वारीचेही नाव ज्यांनी लक्षात ठेवले, त्यांच्या मुलखाच्या नावावर जत्रेत बिननावाची भाकरी विकली जाते.

सरकारसुद्धा इतके बेफिकीर नाही. हमीभावाच्या यादीत ज्वारीला दोन ओळी असतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९. फरक ५० रुपयांचा, म्हणजे किलोला आठ आणे. फार नाही. पण दिल्लीतल्या यादीला जो भेद दिसतो, तो मराठवाड्याच्या नावाने मांडलेल्या चुलीला दिसू नये?

परभणीच्या बाबतीत तर हे अधिकच खटकते. या जिल्ह्याचे नाव ज्वारीला रीतसर लागलेले आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांची नावेच परभणी मोती, परभणी ज्योती अशी आहेत. इक्रिसॅटच्या साथीने तयार केलेली परभणी शक्ती २०१८ मध्ये आली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त. पुढे २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होऊन गेले. भाषणे झाली, ‘श्रीअन्न’ असे बारसे झाले, मिलेटची बिस्किटे निघाली. ‘परभणी मोतीची भाकरी’ अशी पाटी काही नजरेस पडत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये. ही मानांकने फायलीतून ताटापर्यंत कधी येणार, हे विचारणारे कुणी नाही.

ज्या युरोपातल्या नाताळ बाजाराची हौस आपण उचलली, तिथे काय करतात तेही पाहावे. जर्मनीत ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा. तिथला श्टोलेन म्हणजे मनुका-बदाम घातलेला जडसर गोड पाव. ड्रेस्डेन आणि आसपासच्या ठरलेल्या परिसरात भाजलेला नसेल, तर त्याला ड्रेस्डेनचे नाव लावता येत नाही. २०१० पासून युरोपीय संघाचे तसे संरक्षण आहे. लोणीच घालावे लागते, मार्गारिन चालत नाही. वर सोनेरी शिक्का असतो, शिक्क्यावर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून बेकरी सापडते. न्यूरेंबर्गच्या सॉसेजची तर लांबीही ठरलेली आहे, ७ ते ९ सेंटिमीटर. इतका काटेकोरपणा आपल्याला झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण दिव्यांच्या माळा आणि लाकडी खोपटी तिथून उचलताना हा शिक्का कुणाच्याच नजरेत भरला नाही, हे नवल आहे.

कुणी म्हणेल, स्टॉलवरच्या बायांना काय माहीत ज्वारी कुठली ते. त्यांनाच तर माहीत असते. पीठ परातीत घेतले की त्यांना कळते. जुने पीठ विरी जाते. थापताना भाकरीच्या कडेला चिरा पडतात, मग उकळत्या पाण्याने ते ओढून आणावे लागते. चार-पाच दिवसांच्या जत्रेसाठी एकदाच दळून आणलेले पीठ शेवटच्या दिवशी असाच त्रास देते. हे बाईला कळते, फ्लेक्स छापून घेणाऱ्याला कळत नाही. फ्लेक्सवर बैलगाडी येते, पितळी तांब्या येतो, नऊवारीतली बाई येते. ज्या रानात ज्वारी पिकली त्या गावाचे नाव तेवढे राहते.

याने बिघडते काय? बिघडते ते शेतात. खरिपात सोयाबीन आणि कापसाने ज्वारीला केव्हाच बाजूला सारले. रब्बीची ज्वारी काढायला माणसे मिळत नाहीत. ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची. एवढे कष्ट मोंढ्यातल्या भावाला परवडत नाहीत. मग अनेक घरी ती कडब्यापुरती आणि खाण्यापुरतीच पेरतात. इकडे शहरात भाकरी नगावर विकली जाते आणि किलोभर पिठात आठ-दहा भाकरी होतात. हिशेब ज्याचा त्याने करावा. स्टॉलचे भाडे, गाडीभाडे, गॅस यांत बराच पैसा जातो, हे मान्य. बचत गटाच्या बायांना चार पैसे सुटतात, ते सुटलेच पाहिजेत. पण त्यातले दोन पैसे ज्वारी पेरणाऱ्यापर्यंत पोचायचे असतील, तर खाणाऱ्याने नाव घेऊन मागितले पाहिजे. बिननावाच्या मालाला जास्तीचा भाव कुणी देत नाही.

आयोजकांनी स्टॉलच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत, वाणाचा आणि गावाचा. तेवढेच पाटीवर लिहायला लावावे. खर्च खडूचा आहे. काही जण खोटे लिहितील, ही शंका रास्त आहे. पण आज खोटे लिहिण्याइतकेही कुणी विचारत नाही.

तेव्हा यंदा रांगेत उभे राहाल तर भाकरीच्या आधी ज्वारी विचारा. ‘गावाकडची’ असे उत्तर आले, तर कुठल्या गावाकडची, हेही विचारा.