मर्दनविद्येची दुहेरी विटंबना

जगद्गुरू तुकोबारायांची पालखी दरवर्षी ज्येष्ठ-आषाढाच्या संधीवर बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीमार्गे इंदापूर तालुक्यात प्रवेश करते. सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी वाट तुडवत ती नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. अर्धी वाट सरेपर्यंत वारकऱ्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात, टाचांना भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी वाटेवरचे नाभिक बांधव मोफत दाढी करतात, चर्मकार बांधव तुटक्या वहाणा शिवून देतात आणि कोणी महाविद्यालयीन तरुण, कोणी वैद्य, कोणी घरची लेक अनोळखी वृद्धाचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळते. या सेवेला दरपत्रक नसते. पाय कोणाचा, जात कोणती, गाव कोणते, हे विचारण्याची प्रथा नसते.

वारी पुढे जाते आणि वर्षाचे उरलेले दिवस तेल चोळणारे हे हात समाजाला दिसेनासे होतात. मग मर्दन ही गोष्ट दोनच ठिकाणी उरते. एक, मंद दिव्यांच्या आणि विदेशी नावांच्या ‘स्पा’मध्ये, जिथे तासाला हजारो रुपये मोजावे लागतात. दुसरे, रोगमुक्तीची हमी देणाऱ्या फलकांच्या आड, जिथे विज्ञानाचे नाव घेऊन अज्ञान विकले जाते. पहिल्या ठिकाणी आपल्याच विद्येला परके नाव देऊन तिची चैन केली जाते, तर दुसऱ्या ठिकाणी आपल्याच विद्येचे नाव घेऊन तिचा बाजार मांडला जातो. ही दुहेरी विटंबना थांबवायची असेल, तर आधी या विद्येचे खरे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

घरचे ते हिणकस, परके ते शास्त्रीय?

चरकाचार्यांनी स्नेहाने मर्दित शरीराची तुलना तेल मुरलेल्या घड्याशी, तेल पाजलेल्या कातड्याशी आणि वंगण घातलेल्या गाडीच्या आसाशी केली आहे. ज्याने बैलगाडीच्या चाकाला वंगण घातले आहे, त्या शेतकऱ्याला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. वाग्भटाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले आणि मस्तक, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले. परंतु त्याच ठिकाणी त्याने कफाने ग्रासलेल्याला, नुकतेच शोधन झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला, हे मात्र आज सोयीस्करपणे विसरले जाते. कोणाला करावे याइतकेच कोणाला करू नये, हे सांगणारी विद्या म्हणजे शास्त्र. ‘सर्वांना, सर्व रोगांवर, सर्वकाळ’ असे सांगणारी ती केवळ जाहिरात.

हीच विद्या समुद्रापार गेली तेव्हा काय घडले? 1759 मध्ये पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि चंपीचे स्नानगृह थाटले. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा मर्दनतज्ज्ञ म्हणून त्याची नेमणूक झाली. आपल्या ‘चांपणे’ या क्रियेचा तिकडे ‘शाम्पू’ झाला, मग त्या शब्दाचा अर्थ केस धुण्यापुरता उरला आणि अखेर तो बाटलीत भरून आपल्याकडे परत आला. शब्दाचा हा प्रवास म्हणजे आपल्या आत्मविस्मृतीचाच इतिहास आहे. डोक्याला तेल चोळणारा घरातला न्हावी अडाणी आणि तीच क्रिया इंग्रजी नावाने करणारा निपुण, ही मनोवृत्ती इंग्रज गेल्यावरही गेली नाही.

याचा अर्थ परकीयांकडे शिकण्याजोगे काहीच नाही, असा कोणी काढू नये. त्यांनी जे केले ते आपण केले नाही, हीच खरी खंत आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग याने 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था उभारली. पुढे हॉलंडच्या योहान मेझगर याने मर्दनाच्या क्रियांचे वर्गीकरण रूढ केले. लांबवर हात फिरवणे, कणीक तिंबल्यासारखे स्नायू मळणे, घर्षण करणे, थोपटणे आणि कंपन देणे या पाच क्रिया आज ‘स्वीडिश मसाज’ म्हणून जगभर शिकवल्या जातात. यातील एकही क्रिया आपल्या तालमीतील वस्तादाला अपरिचित नाही. फरक इतकाच, की त्यांनी ती लिहिली, शिकवली, तपासली. आपण ती हातांवर सोपवली आणि त्या हातांना मान दिला नाही.

प्रकार अनेक, गुण निराळे

मर्दन म्हणजे सरसकट चोळणे नव्हे. कोमट तेलाने सर्वांगाला केला जातो तो अभ्यंग. जोर लावून स्नायू रगडणे ते मर्दन, हळुवार दाबणे ते संवाहन. कोरड्या चूर्णाने घासणे ते उद्वर्तन. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलानंतर लावले जाणारे उटणे हे त्याचेच घरगुती रूप. केरळात तेलाची धार धरत धरत अंग चोळण्याची ‘पिळिच्चिल’ ही पद्धत आहे. महाराष्ट्रात तळपायाला तूप वा तेल लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत घरोघरी होती.

पूर्वेकडील देशांनी आपापल्या पद्धती जपल्या. थायलंडमध्ये तेल न वापरता, अंगावर कपडे ठेवूनच दाब आणि ताण दिला जातो. तेथील परंपरा आपला आद्य गुरू म्हणून भगवान बुद्धांचा वैद्य जीवक याचे नाव आदराने घेते. बँकॉकच्या वाट फो मंदिरात ही विद्या शिकवली जाते आणि 2019 मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जपानमध्ये बोटांच्या दाबाची ‘शिआत्सू’ पद्धती आहे. तेथे 1947 पासून मर्दनाचा व्यवसाय कायद्याने परवानाबद्ध असून, कित्येक पिढ्या दृष्टिहीन बांधवांनी तो सन्मानाने केला आहे. मगधातील जीवकाचे स्मरण बँकॉक ठेवते आणि भारतात मर्दन शिकवणाऱ्या माणसाला साधे प्रमाणपत्र मिळवताना खेटे घालावे लागतात. याला काय म्हणावे?

लाभ किती आणि दावे किती

आता लाभांकडे वळू. कंबरदुखीवरील मर्दनाच्या 25 चाचण्यांचा ‘कोक्रेन’ संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला. अल्पकाळ वेदना कमी होते, परंतु पुरावा अजून दुबळा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत मर्दनाचा समावेश केला. श्रमानंतरचा स्नायूंचा ठणका कमी होतो, मनाचा ताण निवळतो, झोप लागण्यास मदत होते, हेही अनुभवास येते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना हळुवार मर्दन दिल्यास त्यांचे वजन दररोज 47 टक्के अधिक वाढते, असे अमेरिकेतील एका अभ्यासात 1986 मध्ये दिसले आणि जगाचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. आजीने पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ-माखू घालण्यामागे केवळ लाड नव्हते, हे त्यातून स्पष्ट होते.

हे लाभ थोडे नाहीत. मग खोट्याचा आधार कशासाठी? मर्दनाने मधुमेह जात नाही, चरबी वितळत नाही, सरकलेली चकती जागेवर बसत नाही. स्नायूंतील आम्ल पिळून बाहेर काढले जाते, ही समजूतही निराधार आहे.

सर्वांत मोठा बनाव मांडला जात आहे तो तळपायांवर. काशाची थाळी विजेवर फिरवणारी यंत्रे गेल्या काही वर्षांत गावोगावच्या जत्रांपासून बाजारपेठांपर्यंत पोहोचली आहेत. वीस मिनिटांत तळवे काळे पडतात आणि ‘शरीरातील विष बाहेर आले’ असे ग्राहकाला सांगितले जाते. काशाचे वा पितळेचे भांडे फडक्याने जोरात घासले की फडके काळे होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्या फडक्यातून कोणते विष निघते? तो काळेपणा झिजलेल्या धातूचा आणि तेलाचा आहे. काशाच्या वाटीने पायांना आराम मिळतो, हे खरे. तेवढे सांगूनही ग्राहक आला असता. परंतु आजीच्या वाटीला खोट्या प्रयोगशाळेचा मुलामा चढवला, की परंपरेचे नाव बद्दू होते आणि परंपरेला हसणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

अपाय सांगण्याचे धैर्य

परंपरेवर प्रेम करणाऱ्यांवर एक जबाबदारी अधिक असते. आपल्या घरातील चुकीच्या रिवाजांवर त्यांनी स्वतः बोट ठेवले पाहिजे. तान्ह्या बाळाच्या नाकाकानांत तेल ओतणे, टाळूवर दाब देणे, छाती पिळणे, कोवळ्या कातडीवर खरखरीत पीठ घासणे, बंद खोलीत निखाऱ्यांची धुरी देणे यांतले काहीही आयुर्वेदाच्या नावावर खपवू नये. तेल बाळाच्या फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कमी वजनाच्या बालकांना अंगावर तेल लावण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. नाकात ओतावे, असे कोठेही म्हटलेले नाही.

दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस अशीच घातक आहे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवर कढत तेल ओतले, तर भाजल्याचे कळतही नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, तर तेथे रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणे म्हणजे मरणाला आमंत्रण. ताप, अस्थिभंग, उघडी जखम असताना मर्दन नको. एवढे ज्ञान ज्या हातांना आहे, तेच हात विश्वासार्ह.

हातांचा मान कोण राखणार?

येथे समाजाने स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. मर्दन जाणणारे हात आपल्याकडे कोणाचे होते? नाभिकाचे, सुईणीचे, तालमीतल्या गरीब पैलवानाचे. या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या लेकरे वाढवली, बाळंतिणी उभ्या केल्या, मल्ल घडवले. त्यांच्या पदरात काय पडले? ‘हलके काम’ हा शिक्का. वारीत पाय चोळणे पुण्य आणि एरवी पाय चोळणारा खालच्या पायरीवरचा, ही विसंगती कोणत्याही शास्त्रग्रंथाने नव्हे, तर आपल्या अहंकाराने जन्माला घातली आहे. त्यात मर्दनगृहांच्या आड चालणाऱ्या अनैतिक धंद्यांवरील छाप्यांच्या बातम्यांची भर पडली. त्यामुळे प्रामाणिकपणे हे काम करू इच्छिणारी सुशिक्षित मुलगीही आज घरी ते सांगण्यास संकोचते.

आणि ज्यांना मर्दनाची खरी गरज आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर, इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती, अशा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, हा स्त्री-पुरुषांचा नित्यक्रम. कंबर, मान, गुडघे यांचे काय होत असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. मर्दन हे त्यांच्या अवजड ओझ्यावरचे उत्तर नव्हे. ओझे हलके करणे, पुरेशी मजुरी व विश्रांती देणे हेच उत्तर. परंतु रात्री कोपीत परतलेल्या त्या माउलीची पाठ दहा मिनिटे जाणत्या हाताने चोळली गेली, तर तिला जो आराम मिळेल, तो वातानुकूलित दालनातील सुखापेक्षा शतपटीने सार्थ ठरेल.

करण्याजोगे काही

केवळ खंत करून भागणार नाही. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परिसरात वैद्य आहेत, भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत, तालमींतील वस्ताद आहेत. या सर्वांनी एकत्र बसून तालुका पातळीवर मर्दनाचा एक छोटा, कठोर अभ्यासक्रम आखणे अशक्य नाही. त्यात शरीररचना, स्वच्छता आणि वर्ज्य स्थिती यांचे शिक्षण असावे. सुईण आणि नाभिक यांना त्यात विद्यार्थी म्हणूनच नव्हे, तर शिक्षक म्हणूनही बसवावे. शिकून बाहेर पडणाऱ्याची नोंदणी व्हावी, म्हणजे भोंदू आणि जाणता यांतील फरक लोकांना कळेल. पालखीमार्गावरील सेवाकेंद्रांत मर्दनापूर्वी मधुमेह, जखम, सूज यांची दोन प्रश्नांत चौकशी व्हावी. कारखान्यांनी ऊसतोड कामगारांच्या तळांवर हंगामात अशी केंद्रे चालवावीत.

आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते एवढे करावे : घरी येणाऱ्या मालीशवाल्या मावशींना योग्य मोबदला द्यावा, त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांची चूक होत असेल तर आदराने दाखवून द्यावी. ‘विष बाहेर काढतो’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारावा. जी विद्या स्वतःच्या लोकांकडून तुच्छता आणि स्वतःच्या भक्तांकडून थापा एवढेच मिळवते, ती टिकत नाही. जिला मान आणि चिकित्सा दोन्ही मिळतात, तीच पुढच्या पिढीच्या हातांत उतरते.